काळे राळे, गोरे राळे आणि मॉडेम

डायल-अपचा, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून मॉडेमने जोडायच्या जुन्या इंटरनेटचा, विषय निघाला की चाळिशी ओलांडलेलं कुणीही तोंडाने तो आवाज काढून दाखवतं. नंबर फिरल्याची टूंटूं, मग लांबलचक शिट्टी, मग कर्कश खरखर आणि एकदम शांतता. इथे सगळे थांबतात आणि हसतात. मला ओढ आहे ती त्या शांततेनंतरच्या भागाची.

मॉडेमचा स्पीकर बंद व्हायचा तो काम संपलं म्हणून नव्हे. समोरून कॅरियर, म्हणजे डेटा वाहून नेणारा सूर, मिळाला की गप्प बसायचं, असा त्याला हुकूमच असायचा. एम१ या कमांडचा तोच अर्थ. बोलणी मात्र पुढे चालू असायची. फोन लावणारा मॉडेम एक ठरावीक खूण परत परत पाठवायचा, म्हणजे 'चुका पकडून दुरुस्त करायची पद्धत येते का तुला?' येत असेल तर समोरचा 'ई' आणि 'सी' ही दोन अक्षरं धाडायचा. पाऊण सेकंदात उत्तर आलं नाही, तर पहिला पुढचा नाद सोडून द्यायचा. आलं, तर दुसरी फेरी सुरू. डेटा आवळून पाठवायचा का? एकाच बाजूने की दोन्ही? कोशात, म्हणजे परत परत येणाऱ्या तुकड्यांना नंबर देणाऱ्या यादीत, नोंदी किती ठेवायच्या? एक नोंद जास्तीत जास्त किती लांब चालेल? एवढं सगळं ठरलं की मग पडद्यावर 'कनेक्ट' उमटायचं. तोवर आपण चहाचा कप उचलून परत खाली ठेवलेला असायचा.

या दोन फेऱ्यांना रीतसर नावं आहेत. पहिलीचं व्ही.४२, १९८८ सालचं. दुसरीचं व्ही.४२ बिस, १९९० सालचं. दोन्ही मानकं जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची.

हा खटाटोप का, तर टेलिफोनची तार माणसाच्या आवाजापुरती बेतलेली. साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ, त्याच्या वरचं-खालचं सगळं एक्स्चेंजमध्ये छाटलं जायचं. एवढ्या चिंचोळ्या बोळातून १९९१ साली १४,४०० बिट प्रतिसेकंद जायला लागले, १९९४ साली २८,८०० आणि १९९६ साली ३३,६००. तिथे गाडी अडली. गणितज्ञ क्लॉड शॅननने १९४८ सालीच दाखवून दिलं होतं की कुठल्याही गोंगाटाच्या वाटेला एक कमाल मर्यादा असते. ३३,६०० म्हणजे त्या मर्यादेच्या उंबरठ्यावरच. १९९८ सालचे ५६ के मॉडेम ही मर्यादा मोडून आले नाहीत. त्यांनी तिला वळसा घातला. सेवा देणाऱ्या कंपनीचं टोक थेट डिजिटल एक्स्चेंजला जोडलेलं असेल तरच तो वेग, आणि तोही फक्त आपल्याकडे येणाऱ्या डेटाला. जाणारा डेटा जुन्याच चालीने.

म्हणजे तारेतून आणखी कोंबणं शक्य नव्हतं. मग एकच उपाय उरतो: पाठवायचंच कमी.

मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, मॉडेम घ्यायला गेलं की खोक्यावर मोठ्या अक्षरात '१,१५,२००' छापलेलं दिसायचं. हा आकडा २८,८०० च्या बरोबर चौपट. व्ही.४२ बिस फार तर चारास एक एवढं आवळतं, असा हिशेब मांडून तो छापलेला. कॉम्प्युटरच्या सीरियल पोर्टची नेहमीची कमाल चालही १,१५,२०० च. त्यामुळे विंडोजच्या कोपऱ्यातली ती छोटी खिडकी कधीकधी 'कनेक्टेड ॲट १,१५,२००' असं छातीठोकपणे सांगायची. तो वेग तारेचा नसे, टेबलावरच्या दीड हाताच्या केबलचा असे. गंमत अशी की तो तसा ठेवावाही लागायचा. केबलचा वेग २८,८०० वर ठेवला, तर मॉडेमने कितीही आवळलं तरी कॉम्प्युटर त्याला तेवढ्या झपाट्याने माल पुरवणारच नाही आणि आवळण्याचा फायदा शून्य.

आमच्या दादरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काका राहायचे. अख्खी नोकरी फ्लोरा फाउंटनच्या सीटीओत, म्हणजे सेंट्रल टेलिग्राफ ऑफिसात झालेली. निवृत्तीनंतर कुणाच्याही घरी नवीन यंत्र आलं की त्याची चौकशी करणं हा त्यांचा उद्योग. माझा मॉडेम त्यांनी हातात घेतला, खोकं वाचलं आणि म्हणाले, "अरे, हे खोटं आहे. लाइन तीच, मग वेग चौपट कसा होईल?"

"वेग तेवढाच आहे काका. थोडं पाठवायचं आणि समोर गेल्यावर उलगडून पूर्ण करायचं."

"म्हणजे आमच्या ग्रीटिंगच्या तारा."

तरुण वाचकांसाठी सांगतो. शुभेच्छांच्या तारेला ठरलेली वाक्यं असायची आणि प्रत्येक वाक्याला नंबर. दिवाळीच्या शुभेच्छांना एक, लग्नाच्या आशीर्वादाला दुसरा. तुम्ही फॉर्मवर नंबर लिहायचा, तारेतून नंबरच जायचा आणि रत्नागिरीला किंवा नागपूरला पोस्टमनच्या हातात पूर्ण वाक्य यायचं. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली तेव्हा या नंबरांची आठवण फारशी कुणी काढली नाही. खरं तर ते आपल्याकडचं सगळ्यात जास्त माणसांनी वापरलेलं डेटा कॉम्प्रेशन असावं.

काकांचा पुढचा प्रश्न मात्र असा होता, की तो इंजिनिअरिंगच्या वर्गातही कुणी विचारत नसे. "मग यादी लागणार. आमची यादी दोन्हीकडे छापील असायची. तुमची यादी समोरच्याला कधी पाठवता?"

"पाठवतच नाही."

"मग त्याला कळणार कसं, कुठल्या नंबरला काय ते?"

माझ्या हाताशी विजेचं बिल होतं, त्याच्या मागे मी लिहायला घेतलं. उदाहरणाला घेतलं 'काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले'. जिभेला जे जड जातं ते या यंत्राला सोपं जातं. मॉडेमचं काम बाइटवर चालतं. काकांसाठी मी ते अक्षरांवर केलं आणि स्वल्पविराम गाळला. सुरुवातीला दोन्ही मॉडेमकडे फक्त सुटी अक्षरं आहेत, त्यांचे नंबर ठरलेले. बाकी कोश कोरा.

'का' गेला. त्याच्या पुढे 'ळे' आहे, तर 'काळे' ही जोडी नवीन नंबराने कोशात टाकायची. 'ळे' गेला, 'ळे' आणि त्यामागची मोकळी जागा ही दुसरी नोंद. मोकळी जागा गेली. 'जागा-रा' ही तिसरी. 'रा' गेला, 'राळे' चौथी. आता पुढे 'ळे' आणि जागा आहे आणि ही जोडी कोशात आहेच! म्हणून दोन अक्षरांऐवजी एकच नंबर जातो. मग 'गो' आणि 'रे' नवे असल्याने सुटे जातात. 'गोरे'नंतरची जागा आणि 'रा' मिळून एक नंबर, कारण तिसरी नोंद. आणि त्याच वेळी 'जागा-राळे' अशी आणखी लांब नोंद तयार होते. 'राळ्यात' मध्ये आल्याने थोडा खोळंबा. पण त्याच्यापुढचा 'राळे' आला की आधीच्या मोकळ्या जागेसकट अख्खा शब्द एका नंबरात. पहिल्या खेपेला तुकड्यातुकड्याने गेलेला राळा चौथ्या खेपेला एका दमात जातो.

समोरच्या बाजूला काय होतं? त्याच्याकडे 'का' येतो, मग 'ळे' येतो. म्हणजे पाठवणाऱ्याने 'काळे' ही नोंद केली असणार, हे त्याला आपसूक कळतं आणि तोही तीच नोंद त्याच नंबराने करतो, फक्त एक पाऊल मागे राहून. यादी पाठवायची गरजच नाही. आलेल्या मजकुरातूनच ती दोन्हीकडे सारखी उगवते.

काका बराच वेळ त्या बिलाकडे बघत बसले. मग तारवाल्याला सुचावा असाच प्रश्न आला. "आणि मध्ये एक अक्षर हुकलं तर? आमच्याकडे फार तर नाव चुकायचं. तुमच्याकडे?"

आमच्याकडे सत्यानाश. एक नोंद इकडे वेगळी आणि तिकडे वेगळी झाली, की तिच्यावर बेतलेल्या पुढच्या सगळ्या नोंदी वेगळ्या. दोघं आपापल्या कोशाप्रमाणे अगदी बरोबर बोलतात आणि निघतो तो निव्वळ कचरा. म्हणूनच दुसरी फेरी पहिलीशिवाय होत नसे. व्ही.४२ डेटाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यामागे ताळा जोडायचा. ताळा जुळला नाही की तुकडा परत मागवायचा. पावसाळ्यात आमच्या लाइनवर एवढी खरखर असायची की शेजारी फोनवर 'हॅलो, हॅलो' ओरडत. त्या लाइनवर एकही अक्षर न हुकता दोन कोश तासभर जुळते राहायचे, याचं मला अजून नवल वाटतं.

या चूक-दुरुस्तीचा एक जोडफायदा फारसा कुणाच्या लक्षात नसे. सीरियल केबलवर आठ बिटांच्या प्रत्येक अक्षराला पुढे एक आणि मागे एक अशी दोन जादा बिटं लागतात, आरंभाची आणि शेवटाची. व्ही.४२ ती तारेवर जाण्याआधीच काढून टाकतं. दहाऐवजी आठ. तुकड्यांच्या ताळ्याबिळ्यात थोडं परत खर्ची पडतं, पण कोशाने काही न करताही ही बचत पदरात पडायची.

कोशाच्या मागच्या डोक्यांबद्दल थोडक्यात. हैफाच्या टेक्निऑन संस्थेतले अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव्ह यांनी १९७७ आणि १९७८ साली दोन निबंध लिहिले. १९८४ साली टेरी वेल्चने त्यातल्या दुसऱ्याला सुटसुटीत रूप दिलं. ब्रिटिश टेलिकॉमने त्याला मॉडेमच्या तुटपुंज्या मेमरीत बसेल असं केलं आणि तेच मानक ठरलं. पेटंटं मात्र तिघांची, ब्रिटिश टेलिकॉम, आयबीएम आणि युनिसिस. वकिलांचं बरं चाललं असणार.

मेमरी तुटपुंजी म्हणजे किती? मानकाप्रमाणे कोशात कमीत कमी ५१२ नोंदी हव्यात, त्यातल्या २५६ तर सुट्या बाइटांनीच अडवलेल्या. नोंदीच्या लांबीची कमाल मर्यादा कमीत कमी सहा बाइट, वाढवायची तर अडीचशेपर्यंत. बहुतेक मॉडेम हजार-दोन हजार नोंदी ठेवत. कोश भरला की काय करायचं, याचा नियम मला फार आवडतो. रांगेने बघत जायचं आणि जिच्यावर पुढची कुठलीही नोंद उभी नाही अशी नोंद सापडली की ती खोडून जागा मोकळी करायची. 'राळे'वर 'राळे मि' उभं असेल तर 'राळे'ला हात लावायचा नाही. कोण महत्त्वाचं याचा विचारच नाही. कुणाच्या खांद्यावर कुणी बसलेलं आहे का, एवढंच बघायचं.

आणि फोन ठेवला की सगळं पुसलं जायचं. परत लावला की पुन्हा कोरी पाटी.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा विद्यार्थ्यांना परवडणारं होतं ते शेल अकाउंट. चित्रं नाहीत, माऊस नाही. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. पाइनमध्ये मेल, लिंक्समध्ये वेबपानं. महागडं खातं घेणाऱ्यांना चित्रं दिसायची आणि आम्हाला त्यांचा हेवा वाटायचा. आता हिशेब केला तर उलटंच दिसतं. आवळण्याचा पुरेपूर लाभ आम्हालाच मिळत होता. तोच मेन्यू, त्याच आडव्या रेघा, प्रत्येक मेलच्या माथ्यावरच्या त्याच त्या ओळी, उत्तरात खाली जोडलेलं आधीचं अख्खं पत्र. पुनरुक्तीच पुनरुक्ती. शाळेत निबंधाच्या वहीत लाल शाईने 'पुनरुक्ती टाळा' असा शेरा मिळायचा. मॉडेमने तीच वही आनंदाने निम्म्यात बसवली असती. तेव्हा आम्ही मराठी लिहायचो तेही रोमन लिपीत. दर दुसऱ्या वाक्याच्या शेवटी 'आहे' किंवा 'नाही' येणारी आपली भाषा. मोकळ्या जागेसकट 'आहे' हा एक नंबर व्हायला दोन-तीन परिच्छेद पुरत असतील.

चित्रवाल्यांचं काय व्हायचं? जीआयएफ चित्र हे वेल्चच्याच पद्धतीने आधी आवळलेलं. जेपेग दुसऱ्या तऱ्हेने, पण आवळलेलंच. झिप फाइल तर बोलायलाच नको. एकदा घट्ट दूध काढलेल्या खोबऱ्याचा चोथा परत पिळून काय निघणार? मायक्रोकॉमच्या एमएनपी ५ या जुन्या पद्धतीची तर पंचाईत अशी की झिप फाइल दिली की ती आणखी फुगायची. त्यामुळे जाणते लोक फाइल उतरवण्याआधी कमांड देऊन तिला बंद करायचे. व्ही.४२ बिस शहाणं होतं. फायदा होत नाही असं दिसलं की ते डेटा जसाच्या तसा सोडायला लागायचं, आणि तशा वेळीही दोन्हीकडे कोशात नोंदी चालूच. पुढे मजकूर आला की तयारी झालेली असायची.

म्हणून एकाच रात्री, एकाच लाइनवर डाउनलोडचा आकडा असा नाचायचा. साध्या मजकुराची फाइल सेकंदाला सात-आठ केबीने धावायची आणि तिच्यामागून लावलेली झिप साडेतीनवर बसकण मारायची. एक एमबीला पाच मिनिटं. सायबर कॅफेत पोरं म्हणायची, 'सर्व्हर स्लो आहे.'

यानंतर मराठी पानं आली ती ज्याच्या-त्याच्या फाँटात. प्रत्येक वर्तमानपत्राचा फाँट वेगळा. तो उतरवून घेतला नाही तर बातमीच्या जागी भुतांची भाषा. काना एका बाइटात, वेलांटी दुसऱ्या, अर्धा 'त' तिसऱ्या. वाचणाऱ्याचे हाल झाले, मॉडेमचे नाही. त्याला लिपी कळतच नव्हती. काय कशाच्या मागून येतं, एवढंच तो बघायचा. मग युनिकोड आलं आणि आक्षेप सुरू झाला की देवनागरीवर अन्याय आहे. युटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट, आपल्या प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला तीन. 'राळे' म्हणजे र, काना, ळ, मात्रा: बारा बाइट. आक्षेप साठवणुकीपुरता खरा आहे. पण ते बारा आकडे उघडून बघा. २२४, १६४, १७६. मग २२४, १६४, १९०. मग २२४, १६४, १७९. आणि मात्रेला २२४, १६५, १३५. दर तीनातले पहिले दोन जवळपास ठरलेलेच! कोशवाल्या यंत्रासाठी ही मेजवानी. ओळ-दोन ओळीत '२२४, १६४' हा एक नंबर होतो, मग आख्खा काना एक नंबर, मग 'रा' एक नंबर. सहा बाइटांची आखूड मर्यादा ठेवणारा मॉडेम मात्र तिथेच अडेल, कारण सहा बाइट म्हणजे आपली दोनच चिन्हं. 'राळे' त्याच्या कोशात कधीच बसणार नाही. मानक लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एक अक्षर म्हणजे एक बाइट हेच होतं, दुसरं काय.

२००० साली व्ही.४४ आलं, ह्यूज या उपग्रह-संपर्कवाल्या कंपनीच्या पद्धतीवर बेतलेलं. चारास एकच्या जागी सहास एक असा दावा, आणि वेबपानांवर खरोखरच सरस. पण त्याचं लग्न ठरेपर्यंत वऱ्हाड उठलं होतं. २००५ च्या जानेवारीत एमटीएनएल आणि बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं आणि लॅमिंग्टन रोडच्या काचेमागचे मॉडेम फुटपाथवर आले.

आवळण्याचं काम थांबलं नाही, जागा बदलली. आता सर्व्हरच पान आवळून पाठवतो आणि ब्राउझर उलगडतो. मधल्या यंत्राला ते करताही येणार नाही, कारण सगळी वाहतूक कुलूपबंद आणि चांगलं कूटलेखन झालेल्या डेटात पुनरुक्ती औषधालाही सापडत नाही. त्यामुळे आवळायचं ते कुलूप लावण्याआधी. तेही जपून: २०१२ साली दोन संशोधकांनी दाखवलं की आवळलेल्या मजकुराची नुसती लांबी मोजत राहूनही आतलं गुपित काढता येतं. मॉडेमच्या काळात असली धास्ती कुणाच्या मनातही आली नसती.

सध्या सर्रास वापरात असलेली ब्रॉटली ही गूगलची पद्धत तर थेट काकांच्या सीटीओची वाटते. तिच्यात कोश कोरा नसतो. तेरा हजारांवर शब्द आणि शब्दांचे तुकडे आधीपासून भरलेले असतात आणि ही यादी जगातल्या प्रत्येक आधुनिक ब्राउझरमध्ये बसवलेली आहे, दोन्हीकडे छापील. त्यात वेबपानांच्या सांकेतिक भाषेतले नेहमीचे तुकडे आहेत आणि सहा भाषा: इंग्रजी, स्पॅनिश, चिनी, रशियन, अरबी आणि हिंदी. हिंदीच्या मागोमाग देवनागरी आत शिरली, हे आपलं नशीब. जे शब्द दोन्हीकडे सारखे, ते आपल्यालाही फुकटात. 'आहे', 'म्हणून' आणि 'राळे' यांना मात्र अजून दर पानावर पहिल्यांदा सुटंच जावं लागतं, आणि मग नंबर मिळतो.